बॅट हातात घेण्याआधी मन कसं तयार करावं

सांगोल्याच्या शेजारी माळशिरस तालुक्यात मिरे नावाचं गाव आहे. किरण नवगिरे तिथली. शेतकरी घरातली ही मुलगी आधी भाला आणि गोळा फेकायची. पुढे पाहुणी खेळाडू म्हणून ती नागालँडकडून खेळली आणि 2022 मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने नाबाद 162 धावा केल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तिला भारताची टोपी मिळाली. भारताकडून मोठी खेळी झाली नाही आणि जागा गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून खेळताना पंजाबविरुद्ध तिने 34 चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-ट्वेंटीत तोवर इतकं वेगवान शतक कुणाचंच नव्हतं.

जागा गेल्यानंतरची मधली तीन वर्षं मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटतात. आत्मविश्वास आला की धावा होतील, असं म्हणत आपली पोरं वाट बघत बसतात. तो असा येत नाही. रोज ठरवून केलेल्या कामातून तो साठत जातो, आणि ते काम कसं करायचं हे शिकता येतं. सांगोल्यात चषकाच्या टेनिस बॉल स्पर्धा खेळणाऱ्यांनी आणि मंगळवेढ्यावरून एसटीने सोलापूरला निवड चाचणीला जाणाऱ्या मुलामुलींनी पुढची कृती करून बघावी. साहित्य फार लागत नाही: एक शंभर पानी वही, पेन आणि न कंटाळता बॉलिंग टाकणारा एक मित्र.

पंधरा दिवस आधी: वही

वहीत धावा लिहू नका, त्या स्कोअरबुकात असतात. बाद कसे झालात ते लिहा. चेंडू कुठे पडला, आपण कोणता फटका मारायला गेलो, आणि त्याच्या आधीच्या दोन चेंडूंवर काय झालं होतं. बहुतेक जण हा तिसरा प्रश्न सोडून देतात आणि खरं उत्तर तिथेच असतं. दोन डॉट बॉल गेले, बाहेरून कुणीतरी ओरडलं, आणि पुढचा चेंडू न बघताच बॅट आडवी फिरली. आठ-दहा डाव लिहून झाले की तेच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागतं. तंत्र चुकतं कुठे आणि धीर सुटतो कुठे, हे वेगळं काढता आलं की अर्धी भीती कमी होते.

ज्याची भीती, त्याचाच सराव

1998 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला, तेव्हा त्यांचा लेगस्पिनर शेन वॉर्न लेग स्टंपबाहेरच्या उखडलेल्या जागेत चेंडू टाकणार हे सचिन तेंडुलकरला ठाऊक होतं. त्याने खेळपट्टीवर मुद्दाम तशी जागा करवून घेतली आणि भारताचा माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथेच बॉलिंग करायला लावलं. चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात वॉर्नने त्याला 4 धावांवर बाद केलं. दुसऱ्या डावात सचिन नाबाद 155. पहिल्या डावातल्या अपयशाने त्याची तयारी पुसली गेली नव्हती.

तुम्हाला अंगावर येणारा लेदर बॉल नको वाटत असेल, तर मित्राकडून तोच मागा. आधी अर्ध्या वेगाने, मग पूर्ण. टेनिस बॉलवर यॉर्करला पाय अडकत असतील तर रोज वीस यॉर्कर खेळा.

मग त्या सरावावर दडपण आणा. शेवटची ओव्हर, 12 धावा हव्यात, हातात एकच विकेट, आणि बाकीच्या पोरांनी कडेला उभं राहून हवं तेवढं ओरडायचं. सचिनचे प्रशिक्षक आचरेकर सर त्याच्या स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. बाद करेल त्या बॉलरला ते मिळे, कुणीच बाद केलं नाही तर सचिनला. आपल्याकडे डाळिंबाचा बहार धरताना आधी पाणी तोडून बाग ताणावर सोडतात, पण तो ताण मोजून देतात. सरावातलं दडपणही तसंच मोजून द्यावं. नवख्या पोरावर पहिल्याच दिवशी असं दडपण आणू नका.

आदली रात्र

किट जेवणाआधी भरा. नंतर फोन लांब ठेवून दहा मिनिटं डोळे मिटा आणि उद्याचं मैदान स्वतःच्या डोळ्यांनी बघा: मुरमाड जमीन, हॅलोजनचा उजेड, लाउडस्पीकरवरचं समालोचन. नुसते षटकार बघू नका. चेंडू चुकला, बॉलर काहीतरी बोलला आणि तुम्ही पुन्हा गार्ड घेऊन पुढचा चेंडू सरळ बॅटने खेळलात, हेही बघा.

झोप नाहीच लागली तर घाबरू नका. दहा-बारा वर्षं सामन्याआधी आपल्याला झोप लागत नसे, असं सचिननेच 2021 मध्ये सांगितलं. पुढे त्याने ती अस्वस्थता तयारीचाच भाग मानली आणि तिच्याशी भांडणं सोडलं.

पॅड बांधल्यावर

मंडपात अंधारात बसू नका, उजेडात या. पाणी प्या. बॉलरचा हात बघत राहा. छाती धडधडत असेल तर मनात चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच-सहा वेळा पुरे. लांब उच्छ्वासाने हृदयाचा ठोका संथ होतो.

दोन चेंडूंच्या मधे

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. ताशी 130 किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास तुमच्यापर्यंत पोचतो. त्या वेळात मनाला काही शिकवता येत नाही. जे करायचं ते मधल्या वेळात. ऑस्ट्रेलियाचे माजी फलंदाज ग्रेग चॅपल सांगतात की लक्षाच्या पायऱ्या असतात. चेंडू सुटताना ते सगळ्यात तीव्र हवं आणि मधे मुद्दाम सैल सोडायला हवं. डावभर ताणून धरलं तर मन लवकर थकतं.

चेंडू संपला की स्क्वेअर लेगकडे दोन पावलं चाला. जे झालं त्याला एकच शब्द, ‘गेला’. मग नजर वर करून फिल्डिंग बघा, मोकळी जागा कुठे आहे ते टिपा. परत येऊन गार्ड घ्या, बॅट टेकवा, श्वास पूर्ण सोडा. आता नजर बॉलरच्या हातावर आणि मनात फक्त ‘चेंडू’. ‘आउट होऊ नको’ असं स्वतःला बजावू नका, त्याने मन बाद होण्याचंच चित्र काढतं. ‘सरळ बॅट’ म्हणा, म्हणजे काय करायचं ते कळतं.

बॉलरनेही हेच करायचं. रनअपच्या खुणेवर उभं राहून एक चेंडू ठरवा आणि धावताना तो बदलू नका. षटकार बसला तर खुणेकडे नेहमीपेक्षा सावकाश चालत जा.

एखादा फटका दगा देत असेल तर त्या दिवसापुरता तो बंद ठेवा. जानेवारी 2004 मध्ये सिडनीला सचिनने कव्हर ड्राइव्ह जवळपास वर्ज्य केला आणि नाबाद 241 केल्या. स्वतःच्या आवडत्या फटक्याला नाही म्हणता येणं, यापेक्षा मोठी मनाची ताकद मला माहीत नाही.

हा क्रम आधी नेटमध्ये महिनाभर प्रत्येक चेंडूला करा. सामन्यात एकदम आठवत नाही.

भोपळा मिळाल्यावर

अर्धा तास कुणाशी वाद नको, मग वही उघडा. आणि चूक दुसऱ्याला महागात पडली असेल तर? डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला अजिंक्य रहाणेच्या चुकीच्या कॉलवर विराट कोहली 74 वर धावबाद झाला, आणि दुसऱ्या डावात भारत 36 वर आटोपला. पुढच्याच कसोटीत मेलबर्नला रहाणे कर्णधार होता. त्याने 112 धावा केल्या, आणि रवींद्र जडेजाबरोबर धाव घेताना तो धावबाद झाला तेव्हा जडेजाची पाठ थोपटून बाहेर गेला. भारताने ती मालिका 2-1 ने जिंकली. गावच्या कर्णधारांनी हे ध्यानात ठेवावं. शून्यावर परतलेल्या पोराला सगळ्यांसमोर झापलं की तो पुढच्या सामन्यात चेंडूऐवजी तुमच्याकडे बघत खेळतो.

ही कृती सामन्याच्या धास्तीसाठी आहे. दोन-दोन आठवडे झोप उडाली, जेवण नको झालं, मैदानाचं नाव काढलं तरी रडू येऊ लागलं, तर वही-श्वासावर वेळ काढू नका. घरात सांगा, डॉक्टरांना भेटा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.