जुन्या कर्जाचे आयुष्य

समजा, एका प्राथमिक शिक्षकाने २०१४ साली बँकेकडून साठ हजार रुपयांचे कर्ज घेतले. वर्ष-दीड वर्ष त्याने हप्ते नियमितपणे भरले. पुढे घरात दीर्घ आजारपण आले, हप्ते चुकू लागले आणि २०१६ च्या प्रारंभी ते पूर्णपणे थांबले. बँकेची पत्रे काही काळ येत राहिली. मग तीही बंद झाली. न्यायालयात दावा कधीच लागला नाही. अनेक वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी त्याने दुसऱ्या बँकेकडे अर्ज केला, तेव्हा जुन्या थकबाकीच्या कारणाने तो नामंजूर झाला. "ते कर्ज तर केव्हाच मुदतबाह्य झाले," असे शिक्षकाचे म्हणणे. हे म्हणणे खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. ते अपुरे का आहे, हे समजण्यासाठी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत : दावा करण्याचा हक्क, प्रत्यक्ष कर्ज आणि कर्जाची नोंद.

दाव्याची मुदत

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार साध्या, म्हणजे विनातारण, कर्जाच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. स्थावर मालमत्तेच्या गहाणावर दिलेल्या रकमेसाठी ही मुदत बारा वर्षांची आहे. मुदत उलटल्यावर ऋणकोने पैसे दिले नाहीत, तरी न्यायालय धनकोला हुकूमनामा देत नाही.

मात्र त्यामुळे कर्ज नाहीसे होत नाही. मुदतीचा कायदा दाद मागण्याचा मार्ग बंद करतो, ऋण नष्ट करीत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे डाइंग कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणूनच मुदतबाह्य कर्ज ऋणकोने आपण होऊन फेडले, तर ती रक्कम त्याला परत मागता येत नाही.

ही मुदत ऋणकोच्याच हातून पुन्हा सुरू होऊ शकते. मुदत संपण्यापूर्वी त्याने कर्जाची सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. मुदतीच्या आत काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तरी हाच परिणाम होतो. मुदत संपून गेल्यानंतर मात्र नुसती कबुली पुरत नाही. परंतु फेडीचे सहीनिशी लेखी वचन दिल्यास १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते बंधनकारक ठरते. तेव्हा जुन्या कर्जाविषयी कोणी कागद पुढे केला, तर तो वाचल्यावाचून सही करू नये.

दख्खनचा धडा

या नियमाची दुसरी बाजू महाराष्ट्राने शंभर-सव्वाशे वर्षांहूनही पूर्वी अनुभवली आहे. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणली. जुन्या रोख्यांच्या जाचातून यामुळे रयत सुटावी, अशी अपेक्षा होती. घडले ते उलट. मुदत संपत आली की सावकार कुळाला बोलावून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि वाढलेल्या रकमेचा नवा रोखा लिहून घेई. कुळाला वाचता येत नसे. दावा टाळायचा तर अंगठा उठविण्यावाचून गत्यंतर नसे. अशा रीतीने दर तीन वर्षांनी कर्ज नव्याने जन्म घेऊ लागले.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा क्षोभ उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि मुदतही पुन्हा वाढविली. केवळ मुदत तोकडी केल्याने ऋणकोचे रक्षण होतेच असे नाही. तो कोणत्या कागदावर सही करतो, हे त्याला कळले पाहिजे, असा या अनुभवाचा अर्थ आहे.

नोंदीचे आयुष्य

आता तिसऱ्या गोष्टीकडे वळू. पूर्वी कर्जाची आठवण सावकाराच्या चोपडीत राही आणि ती एका गावापुरती असे. आज ती देशभर पोहोचते. २००० साली सिबिल ही संस्था स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा २००५ साली संमत होऊन २००६ च्या अखेरीस अंमलात आला. रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या अशा कंपन्यांना बँका व वित्तसंस्था आपल्या कर्जदारांची माहिती नियमितपणे पुरवितात. हप्ता केव्हा भरला, किती दिवस थकला, नव्वद दिवसांहून अधिक थकून कर्ज अनुत्पादक ठरले काय, हे सर्व तेथे नोंदले जाते. कर्जाला जामीन राहणाऱ्याच्या नोंदीतही त्या कर्जाचा उल्लेख येतो.

ही माहिती किती काळ टिकते? सात वर्षांनी ती पुसली जाते, असा समज सर्वत्र आढळतो. त्याचे मूळ अमेरिकेतील कायद्यात असावे. तेथील १९७० च्या पतअहवालविषयक कायद्याने बहुतेक प्रतिकूल नोंदींना सात वर्षांची, तर दिवाळखोरीच्या नोंदीला सध्या दहा वर्षांची कमाल मर्यादा आहे. भारतातील नियमांतही सात वर्षांचा उल्लेख आहे. परंतु ती किमान मर्यादा आहे. सात वर्षांपर्यंत माहिती जपून ठेवलीच पाहिजे, असा तिचा आशय आहे. थकलेले खाते जोवर मिटत नाही, तोवर बँक त्याची थकबाकी कळवीत राहू शकते. दाव्याची तीन वर्षे उलटली, म्हणून ही नोंद आपोआप जात नाही. शिक्षकाची चूक झाली ती येथे.

आणखी एका शब्दाने अनेकांची फसगत होते. बँकेने कर्ज 'निर्लेखित' केले, म्हणजे ते माफ केले असे नव्हे. तो बँकेच्या हिशेबातील फेरफार असतो; वसुलीचा प्रयत्न चालू राहू शकतो आणि अहवालात 'निर्लेखित' हाच शेरा दिसतो. त्याचप्रमाणे तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटविले, तर 'तडजोड' अशी नोंद होते. पूर्ण फेडीने बंद झालेल्या खात्याइतकी ती अनुकूल मानली जात नाही.

वाचकाने काय करावे

प्रथम आपला अहवाल मागवावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीने व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे. त्यात चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. २०२३ च्या आदेशाप्रमाणे तीस दिवसांत तक्रारीचे निवारण न झाल्यास दर दिवशी शंभर रुपये भरपाई देय होते. कर्ज खरोखरच बाकी असेल आणि ते फेडणे शक्य असेल, तर बँकेशी लेखी बोलणी करून रक्कम निश्चित करावी, ती भरावी, थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि अहवालातील नोंद बदलल्याची खात्री करून घ्यावी.

फेडीने मागील चुकलेले हप्ते लगेच पुसले जात नाहीत; परंतु खाते थकीत राहत नाही. नंतरची नियमित फेड जसजशी साचत जाते, तसतसे जुन्या चुकीचे वजन कमी होते. आपल्या शिक्षकाला न्यायालयाची भीती बाळगण्याचे कारण कदाचित उरले नसेल. मुलीच्या शिक्षणाचा मार्ग मात्र बँकेच्या मौनाने मोकळा होणार नाही. त्यासाठी ते जुने खाते त्याला मिटवावेच लागेल.