जुना पटर

पनवेल तालुक्यात खारघर येथे गोल्फचे मैदान आहे. या खेळात हिरवळीवरील चेंडू खळगीकडे हळूच लोटण्यासाठी जी काठी वापरतात, तिला पटर म्हणतात. बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूस असा एक जुना पटर भेट मिळाला. त्याच पटराने त्याने १९२३ साली अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. परंतु वरचेवर घासून त्याची चेंडूस भिडणारी बाजू झिजली आणि जोन्सला तसाच दुसरा घडवून घ्यावा लागला.

स्नेह्यास जुना पितळी पटर उजळून द्यावयाचा झाल्यास चिंचेच्या कोळाने तो हलकेच पुसावा व लगेच कोरडा करावा. लाकडी दांडीस जवसाचे तेल चोळावे. स्नेह्याचे नाव कोरावयाचे ते पाठीमागे. पुढील बाजूस कानस लावू नये.