सिस्टर स्टूल ओढून बसतात तेव्हा

रुग्णालय सरकारी असो की खासगी, सकाळी सात-आठच्या सुमाराला वॉर्डात एकच प्रश्न या खाटेवरून त्या खाटेवर फिरत असतो: ‘काय आजी, बरं वाटतंय ना?’ विचारणारीच्या एका हातात बीपीचं यंत्र, दुसऱ्या हातात केसपेपरांची चळत आणि पाय पुढच्या खाटेकडे वळलेले. आजीही काही कमी जाणती नसते. तिला ते पाय दिसतात. ती म्हणते, ‘हो, बरंय.’ केसपेपरवर नोंद पडते: तक्रार नाही.

ही नोंद किती महागात पडू शकते, ते माझ्या आत्याच्या बाबतीत पाहायला मिळालं. सत्तरी ओलांडलेली बाई. अंगणात पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या गावातल्या एका रुग्णालयात कमरेतून भूल देऊन ऑपरेशन झालं, प्लेट बसली आणि दुपारी तिला वॉर्डात आणलं. संध्याकाळपासून ती अस्वस्थ दिसायला लागली. मान सारखी इकडून तिकडे, हाताने चादर चाचपणं, बोलणं तुटक. बीपी चढलेलं. ड्युटीवरच्या सिस्टरनी विचारलं, ‘दुखतंय का?’ आत्या म्हणाली, ‘फार नाही.’ ‘घाबरू नका हं, ऑपरेशननंतर होतं असं,’ म्हणून सिस्टर पुढे गेल्या. चाळीस खाटा, दोन सिस्टर आणि त्यातच दारात नवी ॲडमिशन येऊन थांबलेली. त्या सिस्टरना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

रात्रपाळीच्या सिस्टर वयाने मोठ्या होत्या. हँडओव्हर घेऊन त्या आत्याच्या खाटेपाशी आल्या आणि त्यांनी आधी मला घालवलं. ‘भाऊ, जरा व्हरांड्यात थांबा.’ मग पडदा ओढला, स्टूल सरकवलं आणि बसल्या. पडदा कापडाचाच, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. दुखण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. ‘आजी, ऑपरेशनला न्यायच्या आधी लघवीला जाऊन आला होतात. त्यानंतर झालीय का?’ आत्या गप्प. सिस्टरही गप्प. अशा वेळी मधला वेळ खायला उठतो, कुणी तरी काही तरी बोलून टाकतं. या बाई बोलल्या नाहीत. शेवटी आत्या पुटपुटली, ‘भांडं द्यायला तो पोरगा येतो. त्याला कसं सांगायचं हो?’

कमरेतून दिलेल्या भुलीत मूत्राशय भरल्याची जाणीव आणि ते रिकामं करण्याची ताकद, दोन्ही काही तास मंदावतात. भूल उतरेपर्यंत मूत्राशय ताणलेलं असतं, आणि मग मनात आणलं तरी लघवी होत नाही. म्हणूनच ऑपरेशननंतर सहा ते आठ तासांत लघवी झाली की नाही, यावर लक्ष ठेवायचा रिवाज आहे. ताण फार वेळ राहिला तर तिथला स्नायू सैल पडतो आणि पुढे काही दिवस नळीवर काढावे लागू शकतात. म्हाताऱ्या माणसांत पोटाची तक्रार येईलच असं नाही. नुसती तगमग होते, असंबद्ध बोलणं होतं, बीपी चढतं, आणि भोवतीचे लोक म्हणतात, घाबरलीय. सिस्टरनी ओटीपोटावर हात ठेवून पाहिला. पाठीमागून आधार देऊन बसवलं, बेडपॅन दिलं, शेजारचा नळ सोडून ठेवायची जुनी युक्तीही करून पाहिली. जमलं नाही तेव्हा डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून कॅथेटर घातलं. पिशवीत पाऊण लिटरच्या वर लघवी जमली. थोड्या वेळाने बीपी उतरलं आणि आत्याने विचारलं, ‘पेज-बिज मिळेल का?’

नर्सिंगच्या पुस्तकांत या बसण्या-विचारण्याला ‘थेराप्युटिक कम्युनिकेशन’ असं भारदस्त नाव आहे. रुग्णाशी गोड बोलणं म्हणजेच हा संवाद, असा समज मात्र नर्सिंगच्या विद्यार्थ्यांतही सापडतो. आत्याशी गोड तर पहिल्या सिस्टरही बोलल्या होत्या. पण त्यांच्या बोलण्यातून हाती काही लागलं नाही. या संवादातून माहिती मिळावी लागते, ती वेळेत मिळावी लागते आणि तिच्यावरून काही तरी करता यावं लागतं. या अर्थाने तो थर्मामीटरइतकाच कामाचा आहे.

हे आजचं शहाणपण नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ 1859 सालचं. त्यात आजाऱ्याला पोकळ धीर देणाऱ्यांवर आणि न मागता सल्ले देणाऱ्यांवर एक अख्खं प्रकरण खर्ची पडलंय. ‘होईल हो सगळं ठीक’ असं म्हणणाऱ्याचा जीव हलका होतो, आजारी माणूस मात्र आपल्या शंकेसह एकटा पडतो, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं. आणखी बारीक सूचनाही आहेत. आजाऱ्याशी मागून किंवा दारातून बोलू नका. त्याला मान वळवावी लागणार नाही, अशा ठिकाणी बसा. त्याच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजू नका. या शेवटच्या सूचनेची पाटी आपल्याकडच्या प्रत्येक आयसीयूबाहेर लावायला हवी; तिथे नातेवाइकांची खलबतं नेमकी दाराला खेटूनच चालतात.

पुढे हिल्डेगार्ड पेप्लाव या अमेरिकन परिचारिकेने परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा आहे, अशी मांडणी केली. त्या मनोरुग्णांमध्ये काम करत. ही मांडणी करणाऱ्या त्यांच्या पुस्तकाचं हस्तलिखित 1948मध्ये तयार होतं, पण छापून आलं 1952मध्ये. डॉक्टर सहलेखक नसताना एका नर्सने पुस्तक लिहावं, हे त्या काळच्या प्रकाशकांना पचणारं नव्हतं. परिचारिकेच्या बोलण्याला वजन नाही असं तिथेही मानलं जात होतं, आणि पुस्तकाचा विषय नेमका तोच.

ब्रिटनमधल्या केट ग्रेंजर या वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टर. ऐन तारुण्यात त्यांना कर्करोग झाला. 2013मध्ये त्या स्वतः रुग्ण म्हणून दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं की, येणाऱ्यांपैकी बरेच जण आपलं नावच सांगत नाहीत. येतात, हात धरतात, सुई टोचतात आणि जातात. त्यांनी पतीसह ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ती रुजली. 2016मध्ये त्या गेल्या. आपल्या वॉर्डात सगळ्याच ‘सिस्टर’ असतात. त्यात आपुलकी आहे, पण ‘सकाळच्या सिस्टरना सांगितलं होतं’ म्हटलं की कोणत्या, हे कुणालाच कळत नाही. ‘मी अमुक, रात्री आठपर्यंत तुमच्याकडे मीच आहे’ एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

आणि बोलण्याच्याही आधी बरंच काही बोलून झालेलं असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था 1980च्या दशकात सुरू केली. तुम्ही दवाखान्यात का येत नाही, असं त्यांनी आदिवासींना विचारलं, तेव्हा भिंती, गर्दी, नातेवाइकांना बाहेर काढणं या तक्रारींबरोबर एक उत्तर अनपेक्षित आलं: डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढरं तर आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. मग शोधग्राम या ‘सर्च’च्या वसाहतीतलं रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखं बांधलं गेलं, घरच्यांना सोबत राहता येईल असं, आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरी या देवीचं. रुग्ण का बोलत नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता नव्याने वॉर्डात उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी आणि मुलांसाठी. हो किंवा नाही म्हणून सुटता येईल असा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला विचारू नका. भिडेपोटी तो सोयीचंच उत्तर देतो. ‘शून्य ते दहापैकी किती दुखतंय?’ हे माप उपयोगाचं आहे, पण नव्वदीच्या आजोबांना ते शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखं वाटतं. त्यांना विचारा, ठणका आहे की कळ येते? खोकताना वाढतं का? रात्री कितीदा जाग आली? जेवण झालं का, याऐवजी किती भाकरी खाल्ली, असं विचारा. लघवी, शौच, पाळी, अंगावरून जाणं, हे विषय पडदा ओढल्याशिवाय काढू नयेत आणि पुरुष नातेवाइकासमोर तर नाहीच, मग तो पोटचा मुलगा असला तरी. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. उत्तर आपणच पुरवू नका.

सूचना दिल्यावर ती पोचली का, हे पाहायची एक सोपी रीत आहे. भूल द्यायच्या आधी ‘काही खायचं नाही’ असं सांगितलेला माणूस सकाळी नुसता चहा घेऊन हसतमुखाने थिएटरच्या दारात हजर होतो. चहा खाणं नव्हे ना! पण दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच रेंगाळतो. त्यासाठी साधारण सहा तासांचं अंतर लागतं, साध्या पाण्याला दोन तास पुरतात. बेशुद्धीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलतात आणि घरचे चिडतात. ‘समजलं ना?’ याला सगळे मान डोलावतात. त्यापेक्षा म्हणावं, ‘उद्या सकाळी उठल्यावर काय काय करणार, ते मला सांगा बरं.’ चहा तिथेच बाहेर येतो.

सगळ्यात अवघड प्रसंग वेगळाच. मुलगा कोपऱ्यात घेऊन सांगतो, ‘बाबांना कॅन्सर आहे हे कळू देऊ नका, सिस्टर.’ आणि रात्री दोन वाजता बाबा विचारतात, ‘मला काय झालंय गं?’ इथे खोटं बोलू नये, आणि निदान सांगून मोकळंही होऊ नये. ते डॉक्टरांचं काम. ‘तुम्हाला काय वाटतंय, आजोबा?’ असं विचारावं. बहुतेकांना अंदाज आलेला असतो. त्यांना बोलू द्यावं, आणि ‘हे सकाळी डॉक्टरांना विचारू, मी तशी नोंद करते’ असं म्हणून खरोखर नोंद करावी. मुलालाही सांगावं की, बाबा विचारत होते.

यावर इन्चार्ज सिस्टर म्हणतील, वेळ कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्ष वॉर्डात जाऊन मोजावं. एकीने वीस खाटा सांभाळायच्या आणि शिवाय मन लावून ऐकायचं, हे सांगणाऱ्याने एक रात्रपाळी करून पाहावी. मात्र आत्याच्या वेळी एक दिसलं. स्टुलावर बसून गेलेल्या त्या थोड्या वेळाने पुढची रात्रभराची बेल, धावपळ आणि डॉक्टरांचे फोन वाचले.

थोडं काम नातेवाइकांकडेही आहे. आपलं माणूस एरवी कसं बोलतं, कशाला लाजतं, दुखलं तर सांगतं की सोसतं, हे दाखल करतानाच सिस्टरना सांगून ठेवावं. ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र काढून आपल्याच हातात देतात, आणि पुष्कळदा ते पिशवीच्या तळाशी घरी जातं. वॉर्डात परतल्यावर माणूस शुद्धीवर आलं आणि सिस्टरनी परवानगी दिली की आधी कानाचं यंत्र लावून द्यावं, जादा बॅटरी उशाच्या कपाटात ठेवावी आणि कोणत्या कानाने कमी ऐकू येतं, ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावं.