शरीराची रोजची डागडुजी

व्यायामानें शरीर बनतें हें अर्धेंच सत्य होय. श्रमानें स्नायूंचे तंतु झिजतात. ते सांधून बळकट करण्याचें काम पुढें विश्रांतींत, अन्नांतील प्रथिनांच्या साह्यानें होतें. चरबीसारखा प्रथिनांचा सांठा शरीरांत नसतो. अन्न तुटल्यास शरीर स्नायूच मोडून खातें. गतवर्षीं घरांतील आजारपणांत आमचें जेवण व फिरणें दोन्ही सुटलीं आणि थोड्याच दिवसांत जिना चढतांना पाय कांपूं लागले. उपाय महाग नव्हता. ज्वारींत उणें असणारें लायसिन डाळींत विपुल असतें. म्हणून भाकरी-पिठलें ही जोडी उत्तम. प्रौढास दर किलो वजनामागें रोज सुमारें ०.८ ग्रॅम प्रथिनें पुरतात. वाढत्या मुलांस त्या मानानें अधिक लागतात. परीक्षा असो वा दुःख, दोन घांस व मैदान सोडूं नये.