सोफ्याचा फोम इंचाने नको, किलोने घ्या

दिवाळीच्या तोंडावर सोफावाल्याला बोलावलं की घरातले सगळे कापडाच्या नमुन्यांवर तुटून पडतात आणि आतला फोम ‘चांगल्यातला टाका’ एवढ्यावर सुटतो. बसायचं मात्र फोमवर असतं. आणि ‘चांगल्यातला’ म्हणजे कोणता, हे टेप, वजनकाटा आणि मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर घरीच ठरवता येतं.

दुकानात ‘३२चा’, ‘४०चा’ म्हणतात ती डेन्सिटी, म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. सीट २२ बाय २२ इंच आणि जाडी ५ इंच धरा. तिन्ही मापांचा गुणाकार २,४२० येतो. त्याला डेन्सिटीने गुणा आणि ६१,०२४ ने भागा, की वजन मिळालं. ४०च्या फोमची सीट साधारण १ किलो ५९० ग्रॅम भरायला हवी, ३२ची १ किलो २७० ग्रॅम. तीनशे ग्रॅमचा हा फरक हाताला कळत नाही, काट्याला कळतो. खोळ चढवण्याआधी वजन करा. नंतर कोण उसवणार?

यातही एक पळवाट आहे. वजन वाढवायला काही ठिकाणी फोममध्ये खडूसारखी पूड मिसळतात. काटा बरोबर दाखवतो, पण असा फोम लवकर बसतो. कापलेल्या कडेवर अंगठा जोरात घासा. पांढरी भुकटी निघाली किंवा कड चुरगळली, तर माल परत करा. डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडक, असंही नसतं. ४०चा फोम मऊही मिळतो आणि टणकही. तेव्हा कडकपणा बसून ठरवा, टिकाऊपणा वजनावरून.

आता पैशांचं. भाव गावोगाव वेगळा असतो आणि कच्चा माल पेट्रोकेमिकलचा असल्याने वरखालीही होतो. हिशेबापुरता किलोला ३५० रुपये धरू. तीन अधिक एक अधिक एक अशा सोफ्याच्या पाच सीटांना ४०चा फोम आठ किलोच्या आसपास लागतो, म्हणजे २,८०० रुपये. ३२चा घेतला तर २,२००. वाचले सहाशे. त्याच सोफ्याला बारा मीटर कापड लागलं आणि मीटरला ४०० रुपये धरले, तर ४,८०० तिथेच गेले. शिवाय मजुरी वेगळी. फोम खचला की कापड धड असूनही सगळं पुन्हा उसवावं लागतं आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. काटकसर करायचीच तर पाठीत करा. पाठीवर भार कमी येतो, तिथे २८चा मऊ फोम चालतो.

‘एचआर’ फोम महाग असतो, पण दाबल्यावर झटकन वर येतो. दिवसभर बसणारं माणूस घरात असेल तर त्याच्या सीटपुरता तरी घ्यावा. बॉण्डेड म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला रंगीबेरंगी ठोकळा. तो जड आणि टणक असतो. खालचा थर म्हणून ठीक, पण नुसत्या बॉण्डेडवर बसणं शिक्षा आहे. मेमरी फोम १९६६ मध्ये ‘नासा’साठी विमानाच्या आसनांकरता तयार झाला. तो शरीराच्या उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत घट्ट होतो. उशीला चांगला, सोफ्याला माझ्या मते उधळपट्टी.

टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई फोम पॅकिंगचा. स्वस्त सोफ्यांत तो सर्रास भरतात आणि रोजच्या बसण्याने तो चपटा होतो. चपला आणि मुलांच्या खेळायच्या मॅटचा फोम ईव्हीएचा, तर फ्रिजच्या भिंतीतला कडक पॉलियुरेथेनचा. ज्याचं काम त्यानेच करावं.

काम सुरू असताना एकदा तरी समोर उभे राहा. जुन्याच फोमवर एक इंची नवी शीट चिकटवून पूर्ण नव्याचे पैसे लावणारे असतात. जुना फोम ताब्यात मागा, म्हणजे प्रश्नच मिटतो. नवी सीट खोळीपेक्षा अर्धा इंच मोठी कापायला सांगा, कापडाला सुरकुत्या पडत नाहीत. आणि कापसाच्या गादीसारखा फोम उन्हात टाकू नका. उन्हाने तो पिवळा पडून चुरा होतो. वारा लागला तरी पुरे.

पावती पक्की घ्या. फोमचा प्रकार, डेन्सिटी, जाडी, वजन आणि जीएसटी वेगवेगळं लिहून घ्या. नुसतं ‘सोफा रिपेअर’ असं लिहिलेल्या पावतीवर तक्रार उभी राहत नाही. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.