कालवांच्या गोणीवरील चिठ्ठी

१९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क, शिकागो व वॉशिंग्टन या शहरांत विषमज्वराची साथ पसरली. सुमारे १५०० लोक आजारी पडले व त्यांपैकी सुमारे १५० दगावले. परस्परांपासून दूर असलेल्या शहरांत एकाच वेळी हा रोग कसा उद्भवला? शोधाअंती कारण सापडले ते कालवांत. सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यातील कालवे लोकांच्या खाण्यात आली होती.

कालव हा शिंपल्यात राहणारा जलचर कोकणातील खाडीकाठच्या लोकांना परिचित आहे. तो पाणी गाळून आपले अन्न मिळवतो. अनुकूल परिस्थितीत पूर्ण वाढलेले एक कालव दिवसाला सुमारे १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. पाण्यात रोगजंतू असल्यास तेही त्याच्या शरीरात साठतात. असे कालव रूपाने, वासाने वा चवीने ओळखता येत नाही. शिजवल्याने बरेच जंतू मरतात; परंतु काही सागरी शैवालांची विषे उष्णतेनेही नष्ट होत नाहीत. म्हणूनच कालव कोणत्या पाण्यातून आले, हे कळणे महत्त्वाचे ठरते.

या साथीनंतर १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे परिषद भरली आणि तिच्यातून शिंपल्यातील जलचरांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. त्यानुसार पाण्याची नियमित तपासणी होते व दूषित क्षेत्रात कालवे काढण्यास बंदी केली जाते. प्रत्येक गोणीला चिठ्ठी बांधलेली असते. कालवे कोठून काढली, केव्हा काढली, किती आहेत आणि विक्रेता कोण, याची नोंद तीवर असते.

गोणी रिकामी झाल्यावरही उपाहारगृहाने ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवावयाची असते. याचे कारण असे, की काविळीचा 'अ' प्रकार जडल्यास त्याची लक्षणे दिसण्यास १५ ते ५० दिवस लागतात. तोवर कालवे संपलेली असतात. पुरावा उरतो तो चिठ्ठीचाच. तिच्या आधारे अधिकारी मूळ खाडीपर्यंत पोहोचतात, तेथील काढणी थांबवतात आणि उरलेला माल परत मागवतात.

चिठ्ठी हरवली अथवा तीवर खोटी नोंद केली, तर ही वाट तेथेच बंद होते. एका प्रामाणिक नोंदीवर अनेक अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून असतात.

पाठगत प्रश्न
१. दूषित कालव पाहून का ओळखता येत नाही?
२. चिठ्ठी ९० दिवस जपण्यामागील कारण स्पष्ट करा.