उपजत सिद्धी आणि गुरुदीक्षा : मराठी संतचरित्रांतील अद्भुतशक्तिसंपन्न नायक

१

मराठी संतचरित्रांतील चमत्कारांचा विचार आजवर प्रायः दोन दिशांनी झालेला आहे. श्रद्धावान वाचक चमत्काराकडे घडलेली घटना म्हणून पाहतो. चिकित्सक अभ्यासक त्यास उत्तरकालीन चरित्रकारांनी घातलेली भर मानून बाजूस सारतो. चमत्कार घडला की घडला नाही, हाच प्रश्न या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी असतो. परंतु कथात्म वाङ्मय म्हणून ही चरित्रे वाचू लागले म्हणजे वेगळाच प्रश्न पुढे येतो आणि तो कथेनेच उपस्थित केलेला असतो : नायकाच्या ठायी असलेली अलौकिक शक्ती त्याला कोठून प्राप्त झाली? ती जन्मतः होती की अभ्यासाने आली? आणि जन्मतः असेल, तर गुरूचे प्रयोजन काय? पैठण, तेर, औंढा नागनाथ आणि दौलताबाद या मराठवाड्यातील चार स्थळांशी निगडित कथांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

भारतीय विचारपरंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात काव्यहेतूंच्या चर्चेत तो प्रतिभा आणि अभ्यास यांच्या संबंधाच्या रूपाने येतो. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा समुच्चय मानला. रुद्रटाने प्रतिभेचेच सहजा आणि उत्पाद्या असे दोन प्रकार केले. तर जगन्नाथ पंडिताने केवळ प्रतिभेस कारणत्व दिले. योगशास्त्रातही अशीच मांडणी आढळते. पतंजलीच्या योगसूत्रांतील कैवल्यपादाच्या आरंभीच सिद्धींची पाच उगमस्थाने सांगितली आहेत : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. जन्मतः प्राप्त होणारी सिद्धी आणि प्रयत्नाने साध्य होणारी सिद्धी येथे एकाच मालिकेत बसतात. सिद्धी या समाधीच्या मार्गातील अडथळे होत, असेही योगसूत्रे विभूतिपादात बजावतात.

महाभारताच्या वनपर्वातील यवक्रीताची कथा या संदर्भात उद्बोधक ठरते. गुरुमुखातून अध्ययन न करता केवळ तपाच्या बळावर वेद हस्तगत करण्याचा ध्यास यवक्रीताने घेतला. इंद्राने वृद्ध ब्राह्मणाचे रूप घेऊन मुठीमुठीने वाळू गंगेत टाकून पूल बांधण्याचा उद्योग आरंभिला आणि त्याच्या प्रयत्नाची व्यर्थता सूचित केली. तथापि यवक्रीत बधला नाही, आणि अखेर त्याला वरही मिळाला. मिळालेल्या विद्येने तो उन्मत्त झाला व रैभ्याच्या स्नुषेशी केलेल्या दुर्वर्तनामुळे त्याचा नाश ओढवला. कष्टाने गुरुसेवा करून विद्या मिळविणारा रैभ्य त्याच्यापेक्षा समर्थ ठरला. गुरूवाचून विद्या मिळतच नाही, असे ही कथा म्हणत नाही. ती मिळते, पण मिळविणाऱ्याला पेलत नाही, हे तिचे खरे म्हणणे आहे. मराठी संतचरित्रे ज्या वळणाने जातात, त्याचे बीज येथे दिसते.

३

पैठणचा प्रसंग सर्वश्रुत आहे. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे येतात आणि ज्ञानदेव रेड्याच्या मुखातून वेद वदवितात. औपचारिक विद्येचे सर्वोच्च पीठ मानल्या गेलेल्या नगरीत, वेदाधिकाराच्या बाहेरचा एक पशू वेद म्हणतो. विद्येचा अधिकार जन्माने आणि पठणपद्धतीने निश्चित होतो, या समजुतीवर याहून कठोर टीका कथेच्या भाषेत करता आली नसती. तरीही कथा येथे एक गुंतागुंत राखून आहे. ज्या सभेचा अधिकार या घटनेने निरर्थक ठरविला, त्याच सभेकडून शुद्धिपत्र मिळविण्यासाठी ही मुले आलेली आहेत. उपजत सामर्थ्यालाही समाजात वावरण्यासाठी संस्थेची मान्यता लागते, हे वास्तव चरित्रकारांनी लपविलेले नाही.

दुसरे असे की, ज्ञानदेवांची सिद्धी परंपरेने केवळ उपजत राहू दिलेली नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ अशी तिची साखळी आहे. वडील बंधू हाच गुरू, ही योजना विशेष अर्थपूर्ण आहे. समाजाने ज्यांना पाठशाळेचे दार बंद केले, त्यांना घरातच गुरू मिळतो.

नाथपरंपरेच्या लोकप्रिय कथारूपात, म्हणजे धुंडिसुत मालूकृत चाळीस अध्यायांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथात, याच साखळीतील गहिनीनाथांच्या जन्माची कथा येते. गोरक्षनाथ संजीवनी मंत्राचे पाठांतर करीत असता खेळगड्यांच्या आग्रहावरून चिखलाची गाडी आणि तिच्यावर गाडीवान घडवितात. मंत्राचे पाठांतर चालूच असल्यामुळे तो चिखलाचा पुतळा सजीव होतो. शिष्य विद्येची घोकंपट्टी करीत आहे. ती विद्या आपल्या हातून काय घडवील, याची त्याला कल्पना नाही. प्रशिक्षण पुरे होण्यापूर्वीच शक्ती प्रकट होते आणि तिचे उत्तरदायित्व गुरूला घ्यावे लागते. उलट, स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांना परत आणण्याचे काम शिष्याला करावे लागते. विद्या दिल्याने गुरू कायमचा सुरक्षित होत नाही, आणि मंत्र पाठ झाल्याने शिष्य जाणता होत नाही.

४

ज्ञानदेवांच्या समोर परंपरेने चांगदेव उभा केला आहे. चौदाशे वर्षे योगसाधना केलेला, वाघावर आरूढ होऊन सर्पाचा चाबूक हाती घेतलेला हा सिद्ध प्रशिक्षणाची परिसीमा होय. त्याची अडचण मात्र अगदी साधी आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहावयाचे, तर मायना कोणता लिहावा? वयाने ते लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने श्रेष्ठ; नमस्कार लिहावा, तर वयाने लहान. म्हणून तो कोराच कागद पाठवितो. इतकी वर्षे साधना करूनही चांगदेव कोराच राहिला, असा त्याचा अर्थ मुक्ताबाई लावते. पुढे वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवाला सामोरी जाते ती अचेतन भिंत. अखेर त्याची गुरू होते ती मुक्ताबाईच.

औपचारिक शिक्षणाने त्याला सामर्थ्य दिले, पण समोरच्या माणसाशी नाते जोडावयाची रीत दिली नाही, हे या प्रसंगाचे तात्पर्य म्हणता येईल. मायन्याचा प्रश्न हा प्रतिष्ठेच्या उतरंडीचा प्रश्न आहे. ज्ञानदेवांनी ‘चांगदेव पासष्टी’च्या रूपाने दिलेले उत्तर अद्वैताचे आहे, म्हणजे ही उतरंडच नाहीशी करणारे आहे.

५

चांगदेवाच्या नेमकी उलट बाजू नामदेवांची आहे. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातून नैवेद्य खातो, अशा नामदेवांना साधनेची गरज ती काय? तेर येथील गोरोबा कुंभाराच्या घरच्या प्रसंगात याच समजुतीची परीक्षा होते. मुक्ताबाईच्या विचारण्यावरून गोरोबा थापटणे हाती घेतात आणि मडकी पारखावीत तशी जमलेल्या संतांची डोकी पारखतात. इतर शांत राहतात; नामदेव रागावतात आणि कच्चे ठरतात. परीक्षक विद्वान नाही, कुंभार आहे. परीक्षेचे साधन ग्रंथ नाही, धंद्यातील हत्यार आहे. आणि तपासले जाते ते सामर्थ्य नव्हे, तर अपमान सोसण्याची क्षमता. नामदेवांजवळ देव आहे, यात कोणालाच शंका नाही. ‘देव माझा’ यातील ‘माझा’ हा शब्द तेवढा कच्चा आहे.

विठ्ठल त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवितो. औंढा नागनाथच्या मंदिरात पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले विसोबा नामदेवांना सांगतात की, जेथे देव नसेल तेथे पाय ठेव. जेथे पाय न्यावेत तेथे पिंडी दिसू लागते. हा चमत्कार गुरूचा आहे, पण त्याने शिष्याला नवे सामर्थ्य मिळत नाही. जे पंढरपूरच्या मूर्तीपुरते होते ते सर्वत्र होते. ज्या विसोबांना परंपरा आरंभी ज्ञानदेवादी भावंडांचा द्वेष करणारे मानते, त्यांनाच ती नामदेवांचे गुरुपद देते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. गुरूचा अधिकार पूर्वायुष्याच्या निर्दोषतेवर अवलंबून नाही. ज्याचा अहंकार एकदा मोडला आहे, तोच दुसऱ्याचा अहंकार मोडू शकतो.

६

दौलताबादची कथा प्रशिक्षणाची कथा म्हणून सर्वांत स्पष्ट आहे. पैठणचा बालक एकनाथ देवगिरीस किल्लेदार जनार्दनस्वामींकडे जातो आणि तेथे त्याला काम मिळते ते हिशेबाचे. एका पैचा मेळ बसत नाही म्हणून तो रात्र जागून काढतो आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवितो. एका पैच्या चुकीसाठी लागलेली ही एकाग्रता परमार्थाकडे वळली तर काय होईल, हे गुरू त्याला दाखवून देतात. अध्यात्माची पात्रता कचेरीच्या वहीत सिद्ध होते. गुरू समाधीत असता शत्रू चालून आला, तेव्हा एकनाथ त्यांची शस्त्रे धारण करून लढले, असेही परंपरा सांगते. शिष्याचे शौर्य येथे गुरूच्या वेषात प्रकट होते.

या शिक्षणाचे फलित काय? एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्याच्या रूपाने बारा वर्षे पाणी भरतो आणि एकनाथांना ते कळतही नाही. साधना जितकी परिपक्व, तितकी शक्ती आपल्या धन्याला अज्ञात, असा हा उलटा न्याय आहे. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने पाहता पैचा शोध घेणारी ही दृष्टी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीत कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही. १२९० साली सिद्ध झालेल्या ग्रंथातील अपपाठ निवडून काढणे, हे हिशेबातील चूक शोधण्याच्या जातीचेच काम होते.

७

या कथांमागे एक सामाजिक पेच आहे. औपचारिक विद्या अनिवार्य मानावी, तर स्त्रिया आणि शूद्र यांना ज्ञानाचे दार कायमचे बंद होते. केवळ उपजत देणगी पुरेशी मानावी, तर प्रत्येक चमत्कारी पुरुष स्वतःच प्रमाण ठरतो आणि भोंदूपणाला मोकळे रान मिळते. संतचरित्रांनी गुरू अनिवार्य ठेवला, पण तो कोण असावा यावरची बंधने काढून टाकली. बहिणाबाईंचे (१६२८–१७००) उदाहरण या दृष्टीने निर्णायक आहे. वेरूळजवळील देवगाव येथे जन्मलेल्या या ब्राह्मण स्त्रीला तुकारामांचा उपदेश स्वप्नात होतो. शूद्र गुरू केल्याबद्दल पतीचा छळ तिला सोसावा लागतो. स्वतः तुकारामांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. जेथे प्रत्यक्ष दीक्षेचे मार्ग बंद आहेत, तेथे परंपरा स्वप्नाचे दार उघडते. परंतु गुरूवाचून मात्र सोडीत नाही. बहिणाबाईंनी आत्मचरित्रात आपल्या पूर्वजन्मांचे कथन केले आहे. योगभ्रष्ट साधक पुढील जन्मी पूर्वसंस्कार घेऊनच येतो, या गीतेच्या सहाव्या अध्यायातील विचाराच्या प्रकाशात ते वाचले असता, ज्याला उपजत म्हणावे तो विसरलेला अभ्यासच ठरतो.

गंगाखेडच्या जनाबाईचे स्थान मात्र या चौकटीत सहजी बसत नाही. तिच्यासाठी देव स्वतः दळू लागतो. तेथे कोणी तिचे डोके थापटीत नाही की कोणी तिला औंढ्यास पाठवीत नाही. जिला आयुष्यभर ‘नामयाची दासी’ म्हणवून घ्यावे लागले, तिच्याजवळ मोडण्याजोगा अहंकार समाजाने शिल्लकच ठेवला नव्हता, असा याचा अर्थ करता येईल. अथवा तिच्या साधनेची नोंद घेण्याची गरज चरित्रकारांना वाटली नाही, असाही करता येईल. या दोन अर्थांतील निवड अभ्यासकाला करावीच लागेल.

उपजत आणि अभ्याससिद्ध यांतील श्रेष्ठ कोण, हा प्रश्न संतचरित्रे या रूपात सोडवीत नाहीत. शक्तिमान नायक त्यांना सहज मिळतात. त्यांना शोध असतो तो शक्ती पचविलेल्या माणसाचा. चांगदेवाचा कोरा कागद, नामदेवांचा राग आणि एकनाथांची टाळी ही या शोधातील तीन ठिकाणे होत. चरित्रातून चमत्कार वगळले म्हणजे ही तीनही ठिकाणे त्याबरोबर नाहीशी होतात, आणि ज्ञानाच्या अधिकाराविषयी मराठी समाजाने कथेच्या भाषेत केलेला वादही ऐकू येईनासा होतो.